पंपघरावरचं पाणी

४ फेब्रुवारी

नवे साहेब आज पहिल्यांदा खाणीवर आले. काठावर उभे राहून म्हणाले, "काय सुंदर आहे हो! पार खालपर्यंत दिसतंय." पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण असंच म्हणतो. मी म्हटलं, "दिसणारच. यात शेवाळ नाही, किडा नाही, मासा नाही. गढूळ करायला कोणी जिवंतच नाही आत." साहेब हात बुडवायला वाकले होते, ते तसेच सरळ झाले. बिचारे. नवीन आहेत.

मी पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. आजपासून काही महिने बहुतेक काम इथंच. खाण बंद पडली, पंप थांबले आणि सात वर्षांत या खड्ड्याचं तळं झालं. पाणी आंबट आहे. खडकातलं गंधक हवेला आणि पाण्याला भेटलं की त्याचं आम्ल होतं. साध्या पाण्याचा पीएच सातच्या आसपास असतो. आकडा जितका खाली तितकं पाणी आंबट. आमचं तळं साडेतीनवर आहे, म्हणजे जवळजवळ संत्र्याचा रस, फक्त चव सोडून. यंदाच्या पावसात ते काठ ओलांडून खालच्या आळीत उतरणार आणि तिथल्या विहिरींत शिरणार. घराघरांत नळाला त्याच विहिरींचं पाणी येतं. जमिनीतून आताच झिरपत असेल असा साहेबांना संशय आहे. म्हणून पावसाआधी चुना घालून पाणी गोडं करायचं. चुना म्हणजे कॅल्शियमचा ऑक्साइड, तो पाण्यात विरला की आम्ल मारतो. किती घालायचा, कसा आणि कधी, हे मी सांगायचं. मी हो म्हटल्याशिवाय एक पोतं फुटणार नाही.

इथल्या राखणदाराला सगळे कर्नल म्हणतात, कारण तो कुत्र्यालाही सलाम ठोकतो. त्यानं साहेबांना बोटानं दाखवलं, "ते खाली चौकोनी दिसतंय ना, ते पंपघर. ताईंचा भाऊ आहे तिथं." साहेबांचा चेहरा पडला. मग मीच चहाचा विषय काढला.

५ फेब्रुवारी

काल दादाबद्दल लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे टाळलं.

दादा पंप चालवायचा. ज्या दुपारी कंपनीनं काम थांबवलं त्या दुपारी सगळे वर आले. दादा म्हणाला, "पंपाला तेल दिलं नाही तर गंजेल, आलोच मी," आणि परत उतरला. कंपनी गाशा गुंडाळत होती, पंप भंगारात जाणार होता, आणि ह्याला त्याच्या गंजाची काळजी! तेवढ्यात मागच्या जुन्या बोगद्याची भिंत फुटली. पाणी आलं, पाण्याबरोबर दरड आली आणि पंपघराच्या दारावर बसली. पाणबुडे दोनदा उतरले, पण दार हललं नाही. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही.

वरून छप्पर दिसतं. ऊन डोक्यावर असलं की खिडकीसुद्धा दिसते. काच अजून शाबूत आहे.

१० फेब्रुवारी

होडीतून चार ठिकाणचे नमुने घेतले. वजन बांधलेली बाटली दोरीनं खाली सोडायची, झटका देऊन बूच उडवायचं, भरली की ओढून घ्यायची. तीन ठिकाणी आकडा ३.५. चौथं ठिकाण पंपघराच्या छपरालगत. तिथं ३.९.

मला वाटलं यंत्र बिघडलं. खात्याचं यंत्र, त्याच्यावर भरवसा कोणी ठेवायचा! पुन्हा जुळवून घेतलं, नवा नमुना काढला. पुन्हा ३.९. मी होडीत तशीच बसून राहिले. चहूकडचं पाणी एवढं जहाल आणि तेवढंच तिथलं जरा सौम्य. दादाही असाच होता. आमच्या घरात सगळे तोंडाळ, तोच एक मवाळ.

१३ फेब्रुवारी

आजही ३.९. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सिमेंट असेल मॅडम. भिंती विरताहेत. सिमेंटमध्ये चुना असतोच." बरोबर आहे. दुसऱ्या कुणाचा भाऊ तिथं असता तर मीही हेच सांगितलं असतं.

पण हाडांतही कॅल्शियमच असतं. असल्या पाण्यात हाड टिकत नाही. हळूहळू विरतं आणि विरता विरता भोवतीचं आम्ल थोडं थोडं मारत राहतं. हे मी पदरचं सांगत नाही, हे रसायनशास्त्र आहे. म्हणजे त्या फरकात थोडं सिमेंट असेल आणि थोडा दादा. साहेबांना हे बोलले नाही. लोक लगेच डॉक्टरचं नाव सुचवतात.

२१ फेब्रुवारी

आज करमणूक झाली. एक भंगारवाला साहेबांना भेटायला आला. "चुना कशाला घेता साहेब? पैसे पाण्यात! माझ्याकडे लोखंडाचा गंज पडलाय, गाड्याच्या गाड्या. तोही ऑक्साइडच की. फुकट न्या." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत 'फुकट' हा शब्द चमकत होता.

मी तीन बरण्या मांडल्या. तिन्हीत तळ्याचं पाणी. पहिलीत गंज टाकला, ढवळलं. पाणी तांबडं झालं, यंत्राचा काटा ढिम्म. गंज पाण्यात विरतच नाही, तो आम्ल काय मारणार! दुसरीत मॅग्नेशिया, पोटात जळजळलं की लोक घेतात ती पांढरी भुकटी. काटा हळूहळू चढायला लागला, सरकारी कामासारखा. तिसरीत चिमूटभर चुना. काटा उडी मारून वर गेला. कर्नलनं त्या बरणीला सलाम ठोकला.

भंगारवाला म्हणाला, "म्हणजे ऑक्साइड ऑक्साइडमध्ये फरक असतो होय?"

"भावाभावांत असतो तसा," मी म्हटलं. साहेब खूप हसले. मीही हसले. मग होडी काढून पंपघरावर गेले आणि संध्याकाळचा नमुना घेतला. संध्याकाळचा नमुना कुणी मागितलेला नाही, पण घेतलेला बरा.

२ मार्च

चुन्याचं प्रमाण काढायला बसले. काचेच्या मोठ्या बरणीत तळ्याचं पाणी घेतलं. तळाशी माझ्या कोटाचं तुटलेलं बटण पडलं होतं, ते काढायचा कंटाळा केला. विरवलेल्या चुन्याचं दूध थेंब थेंब सोडत गेले. आकडा चार, साडेचार. पाचच्या आसपास पाणी एकदम पांढरं झालं. या पाण्यात ॲल्युमिनियम विरलेलं आहे. पाणी आंबट असेपर्यंत ते दिसत नाही. आंबटपणा गेला की ते पिंजलेल्या कापसासारखं बाहेर पडतं आणि सावकाश खाली बसतं.

बटण दिसेनासं झालं. मी बराच वेळ बरणी उन्हाकडे धरून बघत होते. वरचं पाणी निवळलं, पण बटणावरचा कापूस तसाच होता.

प्रमाण आलेलं आहे. पण एका बरणीवर मोठ्या तळ्याचा निर्णय घेणं बरोबर नाही. वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घ्यायला हवेत. साहेबांना तसं कळवलं.

९ मार्च

वहिनीकडे गेले होते. दादाची बायको आणि त्याची मुलगी ठकी खालच्या आळीत राहतात. ठकीचं पोट दुखतंय म्हणे. शाळेत जायच्या वेळेलाच बरं दुखतं! मी तिला म्हटलं, "गणिताचा पेपर आहे ना उद्या?" ती हसली नाही. एरवी माझ्या वरताण बोलते.

वहिनीच्या बेसिनमध्ये नळाखाली हिरवट निळा ओघळ पडलाय. "काय केल्या निघत नाही," म्हणाली. मी तिला व्हिनेगरनं घासायला सांगितलं. तांब्याचे नळ जुने झाले की असं होतं.

वहिनीनं विचारलं, "चुना कधी घालणार?" मी म्हटलं, "होईल. घाई करून चालत नाही." आईचाही विचार करावा लागतो. आई रोज दुपारी डबा घेऊन खाणीवर येते आणि संध्याकाळपर्यंत कर्नलच्या खोलीत बसते. काठापर्यंत येत नाही, गुडघे दुखतात म्हणते. पण एवढ्या लांब येते ती दादासाठीच. पंपघर झाकलं गेलं तर तिच्या मनाला काय वाटेल, हे साहेबांच्या वेळापत्रकात कुठं बसतं?

१८ मार्च

साहेबांना वरून फोन आला असणार. मला न विचारता चुन्याचे दोन ट्रक आणले आणि उताराच्या रस्त्यावरून सगळा माल एकाच जागी पाण्यात ढकलला. ढेकळंच्या ढेकळं. त्यातला निम्मा तर हवा लागून मेलेला होता. मी काठावर उभी होते. असा चुना घालत नाहीत. तो आधी विरवायचा, पातळ दूध करायचं आणि होडीतून सगळीकडे फवारायचा. एका जागी टाकला की खाली ढीग होतो, ढिगावर गंजाची आणि गाळाची साय धरते आणि आतला चुना बाहेरच्या पाण्याला भेटतच नाही.

हे मला माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही. साहेबांनी एकदा वळून पाहिलं खरं, पण मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते.

२५ मार्च

तळ्याचा आकडा ३.५. ढिगावर तपकिरी साय धरली आहे. पंपघराशी ३.९. साहेब कपाळाला हात लावून बसले. कर्नल म्हणाला, "चुन्यावाल्यानं साहेबांनाच चुना लावला." मला हसू आवरेना. नंतर वाटलं, मी जरा जास्तच हसले.

४ एप्रिल

पंपघरावरच्या बाटल्या मी टाकून देत नाही. घरी आणते. खिडकीत ठेवल्या की ऊन आरपार जातं, आत काहीच नाही असं वाटतं. सकाळी आवरता आवरता दादाशी दोन शब्द बोलते. विशेष काही नाही. आज ऊन आहे, आज साहेबांचा मूड वाईट आहे, असंच.

आज आई दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. मी म्हटलं, "नमुने आहेत." तिनं पदार्थ चाखताना करते तसा चेहरा केला आणि आत गेली. संध्याकाळी परत आले तर बाटल्या पुसून ओळीनं लावलेल्या होत्या. तिलाही बरं वाटतं तर.

१५ एप्रिल

साहेब आज पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले. "मॅडम, प्रमाण तयार आहे की नाही? मला एक आकडा द्या. पाऊस काही तुमच्या सहीसाठी थांबणार नाही."

मी समजावलं. चुना कमी पडला तर पाणी आंबटच राहील. जास्त झाला तर पाणी उलट्या बाजूला जाईल, आणि बाहेर पडलेलं ॲल्युमिनियम पुन्हा विरेल. ते दोन्हीकडचं आहे, आम्लातही विरतं आणि तीव्र अल्कलीतही. शिवाय गाळाचा हिशेब राहिलाय, शिवाय खोलीचा.

"म्हणजे अजून किती नमुने?"

"लागतील तेवढे."

हे सगळं शास्त्राला धरून आहे. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी एवढी खबरदारी घेतलीच असती.

२२ एप्रिल

आज पंपघरावर बाटली सोडली. बूच उडालं, भरली, आणि दोरी वर येईना. खडकात अडकली म्हणावं तर तिथं खडक नाही, सपाट छप्पर आहे. मी ओढलं, तर खालून कुणी हलकेच धरल्यासारखं वाटलं. हिसका नाही, नुसतं धरलेलं. लहानपणी मी बाहेर पळायला लागले की दादा मागून फ्रॉकचं टोक असंच धरायचा, ओढायचा नाही.

मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला इतकं बरं वाटलं की मीही दोरी ओढायचं थांबवलं. आम्ही दोघं तसेच राहिलो. ऊन उतरलं, खिडकी दिसेनाशी झाली. काठावरून कर्नल हाका मारत होता. मग दोरी सुटली, बाटली वर आली, आणि काठावर पाहिलं तर कर्नलच्या शेजारी आई उभी होती. गुडघे दुखत असताना कशाला आली कोण जाणे.

बाटलीचा आकडा ४.०.

२ मे

वहिनीचा फोन. ठकीला दोन दिवस उलट्या होताहेत, शाळा बुडाली. आळीत आणखी दोन-तीन घरांत तेच. उन्हाळ्यात साथ येतेच. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव, भरपूर पाणी पाज." वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही येऊन जा ना." मी म्हटलं, नमुने आटोपले की येते.

नमुने आटोपायला अंधार झाला. आज जमलं नाही.

९ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी आई प्रयोगशाळेत आली. खाणीवर नाही, शहरातल्या प्रयोगशाळेत, दोन बस बदलून. माझ्यासमोर एक बाटली ठेवली आणि म्हणाली, "हे तपास."

"कुठलं?"

"तू तपास तर."

मी तपासलं. पीएच ५.१. आंबट आहे, पण तळ्याइतकं नाही. म्हटलं, विहिरीचं दिसतंय. आई म्हणाली, "अजून काय आहे त्यात?" मी तांब्याची चाचणी लावली. पाणी निळं होत गेलं. इतकं निळं झालं की मी दुसऱ्यांदा चाचणी लावली. आंबट पाणी रात्रभर नळात उभं राहिलं की तांबं खातं. सकाळी उठून पहिला पेला जो पितो त्याच्या पोटात ते जातं. प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मी हे दर वर्षी शिकवते.

"सुनेच्या नळाचं आहे हे. सकाळी पहिलं पाणी कोण पितं माहीत आहे?" आई म्हणाली. "ठकी. उठल्या उठल्या. तिच्या बापाची सवय."

मी काहीतरी बोलायला लागले. खोलीचे नमुने, गाळ. आणि शेवटी म्हणाले, "आई, मी तुझ्यासाठीच थांबले होते. ते झाकलं गेलं तर तू रोज कुणाकडे येणार?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. तिला राग आला की रडू, कळेना.

"मी त्याच्याकडे येते होय?" ती म्हणाली. "अगं, सात वर्षांत मी त्या पाण्यात एकदा डोकावले नाही. मला नाही बघवत. मी तुला न्यायला येते. तू संध्याकाळी परत येशील की नाही याची मला खात्री नसते, म्हणून डबा घेऊन येऊन बसते. कर्नलला सांगून ठेवलंय, होडी लांब गेली की हाक मार. एक पोर गेलं माझं. दुसरं त्या काठावरून रोज वाकून बघतंय, आणि मी तिथं बसून चहा पिते. काय करू दुसरं?"

आईनं खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या कोटाची बाही नीट दुमडली, जशी शाळेत जाताना दुमडायची.

तिथूनच वहिनीला फोन केला, नळाचं पाणी पिऊ नका म्हणून. आळीतल्या सगळ्यांना सांगायला सांगितलं. मग साहेबांना आकडा दिला. तो २ मार्चलाच तयार होता.

११ मे

ठकीला बघून आले. गालफडं बसलीत. मला बघून म्हणाली, "आत्या, गणिताचा पेपर नव्हता काही." मी तिचे पाय चेपत बसले. वहिनीनं चहा करून दिला. त्या चहानं मला जास्त लाज वाटली.

घरी येऊन खिडकीतल्या बाटल्या मोरीत ओतल्या. शेवटची ओतताना मी "माफ कर" म्हटलं. ते कुणाला म्हटलं, दादाला की ठकीला, मला सांगता येणार नाही.

१९ मे

चुना घालायला सुरुवात झाली. या वेळी सगळं रीतसर. ताजा चुना, काठावर टाक्या, त्यात पाणी सोडून विरवायचा. चुना विरताना उकळतो, फुसफुसतो, अंगावर उडाला तर फोड येतात. सगळ्यांना चष्मे आणि हातमोजे घालायला लावले. साहेब म्हणाले, "मॅडम, आज तुमचा आवाज खणखणीत आहे." मग ते पांढरं दूध पाइपातून होडीवर आणि होडीवरून चोहीकडे फवारायचं. मी होडी लांबच्या टोकापासून सुरू करायला सांगितली. पंपघराकडे शेवटी जायचं. कारण विचारू नये, असं साहेबांना कळलं असावं. त्यांनी विचारलं नाही.

२४ मे

लांबच्या टोकाला ४.६. इकडे अजून ३.७. पंपघर दिसतंय. खिडकीही दिसतेय.

आज होडीत बसून मी त्याला सगळं सांगितलं. ठकीचं, नळाचं, बेसिनमधल्या त्या ओघळाचं, जो मी पाहिला आणि व्हिनेगरनं घासायला सांगितला. ऐकून घेतल्यासारखं पाणी अगदी स्थिर होतं. वाऱ्याची झुळूक नव्हती, एवढंच असेल. पण मला तसं वाटलं, आणि इथं खोटं लिहायचं नाही.

२८ मे

आज पंपघर गेलं.

सकाळी फवारा त्याच्यावरून फिरवला. आधी पाण्यात धूर उठल्यासारखं झालं. मग ते गोळा होत गेलं, कापसासारखे पुंजके झाले आणि खाली उतरायला लागले, अगदी सावकाश, कुणी झोपलेल्यावर पांघरूण घालताना घालतो तसे. छपराच्या कडा गेल्या. मग छप्पर. खिडकी सगळ्यात शेवटी गेली. तिथं शेवटपर्यंत एक काळा चौकोन होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. तोही माझ्याकडे बघत होता असं मला वाटलं, आणि मग तिथं फक्त पांढरं पाणी राहिलं.

चारही ठिकाणी आकडा सारखाच आला. मी दोनदा तपासला.

पाइप धरणारा मजूर म्हणाला, "ताई, झालं का?" मी म्हटलं, "झालं." आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा.

६ जून

आकडा ६.८. साहेबांनी पेढ्यांऐवजी बिस्किटांचे पुडे वाटले. खात्याची ऐपत तेवढीच. खालच्या आळीत पाणी अजून टँकरनंच जातंय, विहिरी सुधारायला वेळ लागेल. ठकी शाळेत जायला लागली.

दुपारी आई आली. कर्नलच्या खोलीत बसली नाही. सरळ काठापर्यंत चालत आली आणि म्हणाली, "मला होडीत घे."

मी नको म्हटलं. तिचे गुडघे, तिचं वय, तिचा तोल. तिनं ऐकलं नाही. कर्नलनं आणि मी मिळून तिला बसवलं. ती दोन्ही हातांनी होडीची कड धरून ताठ बसली. मी वल्हवत नेलं. कुठं थांबायचं हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, पण बरोबर जागेवर आल्यावर तिनं हात वर केला.

पाणी दुधी होतं. खाली काहीच दिसत नव्हतं. आई पहिल्यांदा वाकून बघायला लागली. बराच वेळ बघत होती. मग तिनं हात पाण्यात बुडवला आणि बोलायला लागली. मोठ्यानं, जशी दारात उभी राहून त्याला हाक मारायची तशा आवाजात.

"छपराची गळती काढली रे. मागच्या खोलीला रंग दिला, पिवळा, तुला आवडला नसता. ठकी उंच झाली, माझ्या खांद्याला लागते. बायको तुझी कामाला जाते, बरी आहे. तुझ्या चपला मी अजून टाकल्या नाहीत, पण आता टाकेन." तिनं श्वास घेतला. "तू पंपाला तेल द्यायला गेलास. सात वर्षं मी तुझ्यावर रागावलेय त्या पंपासाठी. पण राहू दे. गंजू दे त्याला. आणि हिला सोड आता. ऐकलंस का? पुरे झालं. हिला सोड."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "आई, त्यानं कुठं धरलंय मला?"

"मग वल्हव," आई म्हणाली.

मी वल्ही पाण्यात घातली आणि ओढली. होडी हलली नाही. पुन्हा ओढली, सगळा जोर लावून. वारा नव्हता, खाली खडक नव्हता, नांगर वर होता, आणि होडी जागची हलत नव्हती. आईनं कड घट्ट धरली आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते.

मग होडी हलली.